बावीस ग्रॅमचा नेम

गुढी उतरली की येणाऱ्या पहिल्या रविवारी मी कूलर धुवायला काढतो. सोलापुरात याहून उशीर करून चालत नाही. तोवर गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका द्यायला लागलेलं असतं, बायका सकाळी आठच्या आत कुरडया घालून खाली उतरतात, आणि शेजारच्या मागांची खटखटसुद्धा दोनच्या सुमाराला दमल्यासारखी ऐकू येते. कूलरच्या तिन्ही जाळ्या काढायच्या, जुना वाळा झटकून टाकायचा, नवा भरायचा, टाकीच्या तळाशी बसलेला क्षाराचा पांढरा थर खरवडायचा. नव्या वाळ्याला पहिल्यांदा पाणी लागतं तेव्हा सुटणारा वास वर्षातून एकदाच येतो. दुसऱ्या दिवशी नाकाला त्याची सवय झालेली असते.

यंदा थर खरवडताना उलथन्याला काहीतरी लागलं. हात घालून काढलं तर डार्ट. पेनाएवढा लांब, मधे पितळेचा जाड भाग, पुढचं पोलादी टोक गंजून तांबूस झालेलं, मागचा प्लॅस्टिकचा पंख अर्धा मोडलेला. मी तो नळाखाली धुतला, बनियनला पुसला आणि सवयीने आत जाऊन छोट्या काट्यावर ठेवला. एकवीस पूर्णांक एक. मोडक्या पंखाचे दोन-तीन दशांश मिळवले तर एकवीस पूर्णांक चार. म्हणजे हा सहांपैकी चौथा. लोक चेहऱ्यावरून ओळखतात, मी वजनावरून ओळखतो. टॉवेलच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी माल तपासतोय. चौरस मीटरला पाचशे ग्रॅम म्हटलं तर पाचशे भरलं पाहिजे. चारशे ऐंशी भरलं तर ते हाताला कळत नाही, पण चार धुण्यांनंतर कळतं.

डार्ट हातात धरून मी ओल्या फरशीवर बराच वेळ उकिडवा बसून राहिलो.

दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा हा आमच्या घरातला पहिला रिकामा उन्हाळा होता. प्राची, आमची एकुलती मुलगी, त्या फेब्रुवारीत पुण्याला नोकरीला लागली. माझी बायको सुरेखा कुरडयांचा चीक ढवळता ढवळता मधेच थांबायची. "दोघांना किती घालायच्या, तेच कळंना झालंय," म्हणायची. शुक्रवार पेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं आणि वर गच्ची. इतकं मोठं ते मला कधी वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये प्राची दोन दिवसांसाठी आली ती चादरीत गुंडाळलेलं परातीएवढं काहीतरी घेऊन. तिच्या ऑफिसने जागा बदलली, नको असलेलं सामान वाटून टाकलं, आणि हिच्या वाट्याला डार्टबोर्ड आला. घायपाताच्या वाखाचा, ज्या वाखाचे दोर वळतात त्याचाच, दाबून केलेला जाड गोल. बरोबर सहा पितळी डार्ट. तिने तो बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला, खिळा ठोकून टांगला आणि एक डार्ट आईच्या हातात दिला. "दुपारी झोप येत नाही म्हणतेस ना? मग मार नेम."

सुरेखा मोहोळची. तिच्या माहेरच्या मळ्यात चिंचेची दोन झाडं होती आणि सहा भावंडांत चिंचा पाडायचं काम तिच्याकडे होतं, असं ती सांगायची. मी ते ऐकून सोडून द्यायचो. त्या दिवशी ती स्वयंपाकघरातच उभी राहिली, उंबऱ्याच्या आत, गॅसवरच्या दुधाकडे एक डोळा ठेवून. डार्ट बोटांत दोनदा फिरवला आणि टाकला. ठक. मधल्या लाल ठिपक्यापासून दोन बोटांवर.

"आई!" प्राची म्हणाली.

"चिंच हुती ती," सुरेखा म्हणाली, आणि हसली. ते हसू मी लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ऐकलेलं होतं. मधे ते कुठे गेलं होतं, याची नोंद माझ्याकडे नव्हती.

जाताना प्राची मला म्हणाली, "बाबा, हे सहा डार्ट कसले तरी आहेत. आईला एक चांगला सेट घेऊन द्या ना. नवशिक्याला कोणता बरा पडतो ते बघा जरा."

"बघतो," मी म्हणालो. मी बघायला लागलो, हीच चूक.

सगळ्यात आधी मी ते सहा डार्ट काट्यावर ठेवले. सहांची सहा वजनं. सगळ्यात हलका वीस पूर्णांक सहा, सगळ्यात जड तेवीसच्या थोडा वर. मला ते सहनच झालं नाही. एकाच हाताने, एकाच जोराने टाकलेल्या वस्तूंची वजनं वेगळी असतील तर नेम लागायचा कसा? मी प्रत्येकाच्या पंखावर पेनाने नंबर घातले.

मग मी वाचलं, विचारलं, मोबाईलवर पाहिलं. नवशिक्याने वीस ते चोवीस ग्रॅममधला घ्यावा. फार हलका असला तर हात झटका देतो, फार जड असला तर डार्ट वाटेतच मान टाकतो. मागचा पंख रुंद घ्यावा, म्हणजे चुकीच्या फेकीलाही तो सावरतो. दांडी मध्यम लांबीची. मधला भाग पितळेचा असला तर जाडजूड होतो आणि तीन डार्ट शेजारीशेजारी बसत नाहीत. टंगस्टनचा बारीक असून तेवढाच जड भरतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिन्ही डार्ट सारखे हवेत. हे सगळं खरं आहे. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पेठेच्या तोंडाशी लतीफभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बाहेर कॅरमबोर्ड उभे केलेले, वर जाळीत फुटबॉल लोंबतायत. मी माझा काटा घेऊन गेलो. लतीफभाईंनी चार सेट काढले, मी एकेक डार्ट काट्यावर ठेवत गेलो. तीन गिऱ्हाईकं आली नि गेली.

"साहेब, डार्ट घ्यायलात का मंगळसूत्र?" लतीफभाई म्हणाले.

"डब्यावर बावीस लिहिलंय. भरतंय एकवीस सात."

"मग ते तीन दशांश मी खाल्ले म्हणा." त्यांनी काटा बोटाने जरा बाजूला सरकवला. "खेळणार कोन? तुमी?"

"नाही, घरचे."

"मग भाभींना आणा की हितं. ज्याच्या हातात जायचंय, तो हात आणा. मी दहा मिनटात सांगतो."

"त्यांच्या हाताचं माप आणलंय मी," मी म्हणालो आणि खिशातला कागद काढला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पावणेसात इंच. आदल्या रात्री जेवताना मी टेपने मोजलं होतं. सुरेखाने दुसऱ्या हाताने भाकरी मोडत तो हात माझ्यापुढे धरला होता, बांगड्या भरून घेताना धरावा तसा.

लतीफभाईंनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि दोन सेट वापरून बघायला दिले. "घिऊन जावा. आवडल तो ठेवा, दुसरा आणून द्या. पण त्यांना आवडल तो, काय?"

तो मे महिना मला वासांनी आणि आवाजांनी आठवतो. ओला वाळा, गच्चीवरून उतरवलेल्या पापडांचा करकरीत वास, माठाखालच्या वाळूचा गारवा. आणि मधे मधे ठक, ठक, ठक. दुपारी शेजारच्या श्रीदेवीअक्का यायच्या. त्यांच्या घरी खाली माग आहेत, बोलणं तेलुगू, पण सुरेखाशी मराठीत. सुरेखाला त्या 'वदिना' म्हणतात, म्हणजे वहिनी, आणि मला अन्ना. दोघी दुपारभर खेळायच्या, कूलर पुढ्यात, एकीकडे लसूण सोलत. हरली तिने चहा करायचा. मी कारखान्यात असायचो. हे सगळं संध्याकाळी ऐकायला मिळायचं, आणि सांगताना सुरेखा हात करून दाखवायची, अक्का डार्ट कसा चपाती उलटल्यासारखा टाकतात ते.

मी मात्र संध्याकाळी साडेसहाला वही काढायचो.

तीन सेट: घरचा पितळी, वीसचा, बावीसचा. रोज प्रत्येक सेटने दहा फेकी, एकूण तीस. प्रत्येक डार्टचं मध्यापासूनचं अंतर टेपने मोजायचं, सरासरी काढायची. पंधरा दिवसांत कोणता सेट योग्य ते आपोआप कळेल, असा माझा हिशेब. पहिल्या दिवशी सुरेखाला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की कूलरच्या वाऱ्याने हलका डार्ट वाटेत हलत असणार. मी उदबत्ती पेटवून बघितलं. खोलीच्या मध्यावर धूर आडवा जात होता. बोर्डापाशी कपाटाच्या आडोशाला मात्र सरळ वर जात होता. म्हणजे बाधा मध्यावर होती. मी कूलर बंद केला.

"आवो, जीव जातोय की," सुरेखा म्हणाली.

"पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. तुलना सारखी व्हायला पाहिजे."

तिने पदराने मान पुसली आणि टाकत राहिली. माझं लक्ष टेपकडे होतं.

एकदा तिने विचारलं होतं, "चिंचा पाडताना दगडाचं वजन कोन बघतं? हाताला आला, गेला." मी तिला समजावून सांगितलं होतं की दगड दरवेळी वेगळा असतो म्हणूनच दरवेळी चिंच पडत नाही. ती म्हणाली, "पडायची." मी म्हणालो, "पडलेल्या तेवढ्या तुझ्या लक्षात आहेत." वादात मी जिंकलो, असं मला त्या वेळी वाटलं.

मग मी दुपारचीही नोंद ठेवायला सांगितली. अक्का एकदा मला दारातच म्हणाल्या, "अन्ना, तुमी काय बोर्डाचे पेपर तपासायलात का? आमी पास हावोत का नापास, सांगून टाका एकदा." मी हसलो. त्याही हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून लसूण आपापल्या घरी सोलला जाऊ लागला.

राहिला प्रश्न अंतराचा. नियमाप्रमाणे बोर्डाच्या दर्शनी भागापासून सात फूट सव्वानऊ इंचांवर रेघ असते, आणि तिथे उभं राहून टाकायचं. आमच्या घरात ती रेघ बरोबर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येत होती. सुरेखा उंबऱ्याच्या आत उभी राहायची, म्हणजे अर्धा-पाऊण फूट जास्त लांब. मला वाटलं, सगळे आकडे याच्यामुळे बिघडतायत. एका गुरुवारी संध्याकाळी ती अक्कांकडे गेली असताना मी उंबऱ्यावर पांढरी चिकटपट्टी लावली. टोकापासून टोकापर्यंत, मोजून, अगदी सरळ.

शुक्रवारी सकाळी ती हळदकुंकवाची वाटी घेऊन उंबऱ्याशी वाकली. लग्न होऊन आली तेव्हापासून दर शुक्रवारी वाकते. हळदीचं बोट खाली नेलं आणि तसंच थांबवलं. मी समोर चहा घेत होतो.

"हितं उभं ऱ्हायचं?"

"उभं नाही. पायाचं टोक फक्त. नियमाने रेघ तिथेच येते."

"उंबऱ्यावर पाय दिऊन?"

"अगं, खेळापुरतं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. पट्टीच्या अलीकडे, जिथे लाकूड मोकळं होतं तिथे, हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं लावलं, आणि उठली. संध्याकाळी मी वही काढली तर म्हणाली, "आज नको. कंबर धरलीय." दुसऱ्या दिवशीही कंबर. तिसऱ्या दिवशी मी वहीत 'सुट्टी' लिहिलं. असे सहा दिवस 'सुट्टी' लिहिल्यावर मी होते तेवढ्या आकड्यांवर निर्णय घेतला. बावीस ग्रॅम, टंगस्टन, मध्यम दांडी, रुंद पंख. लतीफभाईंनी तसा सेट मागवून दिला. तिन्ही डार्ट काट्यावर ठेवले तर एका दशांशाचाही फरक नाही. इतका अचूक माल मी कारखान्यातसुद्धा क्वचित पाहिलाय.

सुरेखाने डबी उघडली. काळ्या मखमलीत तीन डार्ट. "छान हायत," ती म्हणाली, डबी बंद केली आणि शोकेसमध्ये ठेवली, प्राचीच्या शाळेतल्या कपाशेजारी. आठवड्याभरात बोर्डावर टॉवेल आला, मीच कधीतरी आणलेला, एका कडेला विणीची चूक असलेला. उंबऱ्यावरची पट्टी कधी निघाली ते मला कळलं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी दोनदा विचारलं, "खेळायचं का?" दोन्ही वेळा, "बघू की." तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. टॉवेल धुतला जायचा, इस्त्री होऊन पुन्हा लागायचा. घरात एखादी वस्तू अशी झाकलेली राहिली की तिची सवय होते. पण संध्याकाळी साडेसहाला मी खुर्चीत बसलो की माझं लक्ष त्या टॉवेलकडे जायचंच. प्राची फोनवर विचारायची, "आई खेळते ना?" मी म्हणायचो, "उन्हामुळे जरा बंद आहे." जानेवारीतही मी हेच उत्तर दिल्याचं आठवतं.

तर हा चौथा नंबर. मागच्या पाडव्यानंतर मी कूलरची टाकी तळापर्यंत खरवडली होती. तेव्हा तिच्यात काही नव्हतं. मी अशा कामात कोपरा सोडत नाही. म्हणजे हा डार्ट कूलरच्या पट्ट्यांतून आत गेला तो त्यानंतर, मागच्या उन्हाळ्यात. सुरेखा "बघू की" म्हणत होती त्याच दिवसांत. आणि त्या वेळी मी घरात नव्हतो.

मी कपाटातून जुनी वही काढली. दोन वर्षं ती उघडली नव्हती. संध्याकाळच्या फेकींची सरासरी: पितळी, साडेचार इंच. वीस ग्रॅम, सव्वाचार. बावीस ग्रॅम, चारच्या जरा आत. त्यावरूनच मी बावीस ठरवला होता. मागच्या पानांवर सुरेखाच्या अक्षरात दुपारचे आकडे. पितळी, सहाच्या सहा वेगळ्या वजनांचे. कूलर चालू. उंबऱ्याच्या आतून. सरासरी अडीच इंच. कुठे दोन. त्या पानांवर आडवी लाल रेघ मारून मी लिहून ठेवलं होतं: 'मोजणी अक्कांची. ग्राह्य नाही.'

सव्वीस वर्षांत मी कारखान्यातला एकही आकडा असा बाजूला टाकलेला नाही. न पटणारा आकडा आला तर नमुना पुन्हा तपासायचा, हे मीच नव्या लोकांना शिकवतो. घरात मात्र आकडा पटला नाही म्हणून मी तो खोडला. लतीफभाईंनी हात आणा म्हटलं तर मी माप नेलं. नवशिका कोण होता, हे आता मला नीट कळतं. ती तर आठ वर्षांची असल्यापासून नेम धरत होती.

त्या रविवारी जेवताना सुरेखाने विचारलं, "कूलर धुतला का नीट?"

"धुतला."

"काय निघालं?"

"क्षार," मी म्हणालो.

ती भाकरी थापत राहिली. तिचा हात अर्धा क्षण थांबला, की मला तसं वाटलं, हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. जेवण झाल्यावर ती भांडी घासत असताना मी पितळी डार्ट ठेवलेला, कपाटावरचा चहाचा जुना डबा उघडला. आत पाच डार्ट होते. टोकं स्वच्छ, तेल लावलेली. सहावा त्यांच्यात ठेवला आणि झाकण लावलं. टॉवेल उचलून बघायची फार इच्छा झाली. बघितला नाही.

पंधरा दिवसांनी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गेला आणि आम्हाला तीनलाच सोडलं. मी जिन्यात पोचलो तेव्हा वरून आवाज आला. ठक. मग थोडं थांबून, ठक. कूलर पूर्ण जोरात चालू होता.

"अय्यो, गेला बघा वदिना, परत कूलरमधी."

"जाऊ दे की," सुरेखाचा आवाज. "काढतेत हे पाडव्याला."

"आन विचारलं तर?"

"न्हाईत विचारायचे आता." आणि मग ते हसू. जिन्यात ते जास्त घुमतं.

मी सहा पायऱ्या चढलो होतो. त्या तशाच उतरलो, चप्पल न वाजवता. वर गेलो असतो तर दोघींनी मला बसायला सांगितलं असतं, चहा केला असता आणि टॉवेल लावला असता, हे मला माहीत होतं. मी स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. लतीफभाईंच्या दुकानासमोर टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक. लतीफभाईंनी आतून हात केला. "काय साहेब, भाभी खेळतात का नाही?"

"खेळतात," मी म्हणालो. "पितळीने."

"मग बरोबर हाय की," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

हॉर्न वाजवणं मला आवडत नाही. विनाकारण हॉर्न देणाऱ्यांना मी थांबवून बोललोय. पण त्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशी मी दोनदा हॉर्न देतो, रस्ता मोकळा असला तरी. स्कूटर स्टँडवर लावतो, डिकी उगाच उघडून बंद करतो, जिना सावकाश चढतो. आत जातो तेव्हा अक्का कुरडयांच्या डब्याबद्दल काहीतरी बोलत असतात आणि सुरेखा उंबऱ्याच्या आत, गॅसपाशी. "आलात?" म्हणते. माठातलं पाणी देते.

टॉवेल जागेवर असतो. पण त्याचं खालचं टोक अजून हलत असतं. एकदा माझी नजर तिकडे गेलेली बघून सुरेखा म्हणाली, "कूलरचा वारा."

मी हो म्हणालो. बोर्डापाशी कूलरचा वारा पोचत नाही, हे त्या उन्हाळ्यात मीच उदबत्ती लावून बघितलं होतं.